गरम टाकीतला घाणा

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. नातवंडांना कारखान्यातल्या गमती सांगितल्या, निवृत्त झालो तेव्हा समारंभात भाषण केलं, एकदा तर अभियांत्रिकीच्या मुलांपुढे ॲल्युमिनियमला बळ कसं येतं यावर तासभर बोललो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या तासात मी भट्टी, पाणी, वाकवणं, सगळं सांगितलं आणि एक माणूस तेवढा गाळला. आता तो माणूस राहिलेला नाही. त्याच्या घरच्यांच्या मनात त्याच्याबद्दल एक चुकीची गोष्ट पक्की बसली आहे आणि ती मी बसवलेली आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत ॲल्युमिनियमच्या शिड्यांचा एक कारखाना होता. डाळ मिलवाले, गोदामवाले, रस्त्यावरच्या दिव्यांची कामं घेणारे ठेकेदार आमच्या शिड्या नेत. काही शिड्यांना वरच्या टोकाला दोन आकडे असत. हातातल्या काठीची मूठ वळलेली असते तसा जाड पाइप वळवून ते केलेले असत. शिडी खांबाच्या आडव्या पट्टीला अडकवली की माणसाचा सगळा भार त्या आकड्यांवर यायचा. मी तिथे भट्टी खात्याचा प्रमुख होतो. शिक्षण डिप्लोमाचं, पण सगळे ‘साहेब’ म्हणत, आणि मलाही ते आवडायचं.

इथे थोडं धातूबद्दल सांगावं लागेल, नाहीतर माझी चूक नेमकी काय होती ते कळणार नाही. नुसतं ॲल्युमिनियम मऊ असतं. त्यात थोडं मॅग्नेशियम आणि थोडं सिलिकॉन मिसळलं की ते बळकट होऊ शकतं, पण आपोआप होत नाही. आधी ते भट्टीत वितळण्याच्या जरा अलीकडेपर्यंत तापवायचं. मग आतली द्रव्यं धातूत साखरेसारखी विरघळतात. तिथून काढून लगेच गार पाण्यात बुडवायचं. पाणी खरोखर गार असेल तर विरघळलेलं सगळं आहे तिथेच अडकून राहतं, बाहेर पडायला त्याला सवड मिळत नाही. याला आम्ही पाणी पाजणं म्हणायचो. नंतर मंद आचेच्या ओव्हनमध्ये तोच माल सात-आठ तास ठेवायचा. अडकलेली द्रव्यं मग अतिशय बारीक कण होऊन धातूभर पसरतात. धातूचे थर एकमेकांवरून घसरायला निघाले की हे कण आडवे येतात. बळ म्हणतात ते हेच आडवे येणं.

पाणी गरम असेल तर सगळं फिसकटतं. माल सावकाश थंड होतो, तेवढ्या वेळात द्रव्यं वाटेतच गोळा होऊन बाहेर पडतात, आणि ओव्हनमध्ये पसरायला फारसं काही उरत नाही. वरून बघणाऱ्याला मात्र काहीही कळत नाही. रंग तोच आणि चकाकीही तीच.

वाकवण्याचं काम पाणी आणि ओव्हन यांच्या मध्ये. पाण्यातून नुकता काढलेला पाइप काही काळ मऊ असतो. त्याला आम्ही ताजा माल म्हणत असू. तो नुसता पडून राहिला तरी कडक होत जातो आणि असा शिळा पाइप वाकवला की बाहेरच्या अंगाला तडा जातो. वाकवल्यानेही धातू त्या जागी कडक होतो, म्हणून एकाच दमात वाकवायचा, मागेपुढे करायचं नाही.

हे काम आबांकडे होतं. वयाने ते माझ्याहून लहान होते, पण केस लवकर गेल्यामुळे सगळा कारखाना त्यांना आबा म्हणायचा. धुळे तालुक्यातल्या एका खेड्यातले. तंबाखू खाणारे, तोंडाने फटकळ, आणि गावाला गेले की सोमवारी हमखास उशिरा येणारे. आमच्या कारखान्यात मराठी बोलणारे बरेच होते, पण आबा शेठशी बोलतानासुद्धा अहिराणी सोडत नसत.

“साहेब, आजना माल शे का कालना?” पाइपांची गाडी त्यांच्यापुढे गेली की हा प्रश्न ठरलेला.

“आबा, आत्ता काढलाय पाण्यातून.”

“तुम्हना चहा बी आत्ताच करेल ऱ्हास साहेब. तरी थंडगार.”

त्यांची एक खोड होती. ओव्हनमधून निघालेला एखादा आकडा साच्यात नीट बसला नाही की ते गॅसची ज्योत लावून तो सरळ करायचे. पाइपावर आधी साबण चोळायचा, साबण काळा पडला की ज्योत बाजूला घ्यायची आणि मग दाबायचं. पुष्कळ कारागीर असं करतात. पण ओव्हननंतर ज्योत लागली की ते बारीक कण मोठे होतात, विरघळतात, आणि तेवढ्या जागेचं बळ जातं. मी आबांना त्यावरून बोललो होतो. ते हो म्हणायचे आणि अडलं की पुन्हा लावायचे.

त्या वर्षी मे महिन्यात माझ्या मुलीचं लग्न होतं. जळगावचा मे कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. आमच्या कॉलनीत नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी यायचं, आणि लग्नसराईत टँकरवाले फोनच उचलत नव्हते. हळदीच्या दिवशी पाहुणे घरी येऊन पडलेले, आचारी भांडी मांडून बसलेले, आणि घराची टाकी कोरडी. कारखान्यात रोज सकाळी माल बुडवायच्या टाकीसाठी एक टँकर यायचा. पहिला घाणा, म्हणजे भट्टीतला एका वेळचा माल, बुडवला की पाणी तापतं. मग थोडं सोडून द्यायचं, टँकरचं नवीन भरायचं, आणि त्यानंतर पुढचा घाणा. टँकर कुठे रिकामा करायचा ते मीच सांगायचो. त्या दिवशी मी ड्रायव्हरला माझ्या घरचा पत्ता दिला.

“आणि टाकीचं काय साहेब?”

“टाकीत आहे पाणी. तू जा.”

टाकीत पाणी होतंच. पहिला घाणा ठीक निघाला. दुसऱ्यानंतर पाणी चांगलंच तापलं. तिसरा घाणा आकड्यांच्या पाइपांचा होता आणि तो ठेकेदाराला वेळेत द्यायचा होता. तोवर टाकीवर वाफ धरली होती. टाकीच्या कडेला तापमापक लावलेला होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर थांबावं लागलं असतं. भट्टी बंद करून घाणा उद्यावर टाकणं एवढंच करायचं होतं. पण उद्या लग्न होतं, मी येणार नव्हतो, आणि आज लवकर घरी जायचं होतं. माल उचलणाऱ्या यारीची साखळी मी स्वतः सोडली. पाइप पाण्यात गेले तेव्हा रोज जो चर्र आवाज यायचा तो आला नाही. नुसतंच खदखदलं.

थोड्या वेळाने आबांच्या यंत्रापाशी गेलो. ते आकडे वळवत होते आणि पाइप रोजच्यापेक्षा सहज वळत होते.

“साहेब, आज तुम्हना माल भू गरीब शे. उलटा बोलतच नही.”

“मुलीच्या लग्नाचा माल आहे आबा. आज सगळ्यांनी गरीबच राहायचं.”

ते हसले, मीही हसलो.

लग्नात आबा बायकोला घेऊन आले होते. वरण-बट्टीची पंगत बसली आणि आबांनी कुणी न सांगता वांग्याच्या भाजीची बादली उचलली. माझ्या व्याह्यांना वाढताना म्हणाले, “व्याहीबुवा, बट्टी कडक लागनी तं साहेबले सांगा. भट्टी त्यासनी शे.” सगळी पंगत हसली. मुलीला त्यांचं ते वाढणं अजून आठवतं.

काही आठवड्यांनी ठेकेदाराने शिड्या परत पाठवल्या. घेण्याआधी त्याने आकड्यांना वाळूची पोती टांगून पाहिली होती, आणि आकडे उघडले होते. मिटलेली बोटं सैल सोडावीत तसे. नशीब की त्या शिड्यांवर तोवर कुणी चढलं नव्हतं.

शेठने आम्हाला बोलवायच्या आधी मी एकटा गोदामात गेलो. कडकपणा बघायचं एक साधं यंत्र असतं, पकडीसारखं. पाइपाची कड त्यात धरून दाबली की काटा सांगतो. आकड्यावर दाबलं, काटा खाली. मग त्याच पाइपाच्या सरळ भागावर दाबलं, जिथे वाकवलेलं नव्हतं आणि गॅस लागायचं काही कारणच नव्हतं. तिथेही काटा तितकाच खाली. दुसरा पाइप घेतला, तिसरा घेतला. सगळीकडे तेच. गॅसने बळ गेलं असतं तर फक्त आकडा मऊ सापडला असता. इथे अख्खा पाइपच मऊ होता. आकडा उघडला तो एवढ्यासाठीच की सगळा भार त्याच्यावर होता. त्या पाइपांना पाणी नीट पाजलेलं नव्हतं. यंत्र खिशात घालून मी शेठच्या खोलीत गेलो.

आबा आधीच उभे होते. शेठने उघडलेला आकडा टेबलावर ठेवला होता.

“साहेब, हे कशाने झालं?”

मी म्हणालो, “शेठ, ओव्हननंतर गॅस लागला तर आकड्याचं बळ जातं.”

या वाक्यात खोटा शब्द एकही नाही. मी ते नंतर पुष्कळदा मनाशी तपासून पाहिलं आहे.

शेठ आबांकडे वळले. “गॅस लावला होता?”

“चार-दोन आकडासले लावा व्हता शेठ. साच्यामा बसत नव्हतात. बठ्ठासले नही.”

“चार-दोन का सगळे, हे आता कोण सांगणार?”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. “साहेब, तुम्ही सांगा ना. मी बठ्ठासले गॅस कसा लावसू?”

त्यांच्या नजरेत राग नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की मी सांगेन. मी सांगितलं असतं तर टँकरचं सांगावं लागलं असतं, आणि मुलीच्या लग्नासाठी साहेबांनी कारखान्याचं पाणी पळवलं ही गोष्ट संध्याकाळपर्यंत वसाहतभर झाली असती. मी म्हणालो, “आबा, गॅसवरून मी तुम्हाला आधीही बोललो होतो.”

हेही खरंच होतं. आबांनी मान खाली घातली. आपण गॅस लावला होता हे त्यांना माहीत होतं. पाणी गरम होतं हे माहीत नव्हतं.

शेठने त्यांना काढलं नाही. गाड्या भरायच्या कामावर घातलं. इतकी वर्षं यंत्रावर उभा राहिलेला माणूस, दोन-चार दिवस त्याने शिड्या उचलल्या आणि मग यायचा बंद झाला. परत आलेला सगळा माल मी वितळवायला पाठवून दिला. गोदामात जागा नाही असं कारण सांगितलं.

त्यानंतर मी टाकीचा तापमापक बदलला, मोठ्या काट्याचा आणला, आणि काटा तांबड्या रेघेच्या वर असताना घाणा सोडू नये असा नियम केला. पुढे माझ्या खात्यातून कमजोर माल कधी निघाला नाही. दिवाळीत शेठने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, आणि मी ते घेतलं.

आबांनी धुळ्याला लोखंडी ग्रिल आणि गेटचं दुकान टाकलं असं उडत उडत कळलं होतं. मी निवृत्त झाल्यावर एकदा मुलगी माहेरी आली असताना म्हणाली, “बाबा, ते बट्टीवरून चेष्टा करणारे आबा आता कुठे असतात हो?” मी धुळ्याला म्हणालो आणि विषय बदलला. पण त्या प्रश्नाने मला राहू दिलं नाही. एक दिवस सकाळची एस.टी. पकडली. एरंडोलपर्यंत काय बोलायचं ते जुळवत होतो, पारोळ्यापर्यंत ते पाठ झालं होतं, आणि धुळ्याचं स्टँड आलं तेव्हा वाटलं, याच गाडीने परत जावं.

दुकान सापडलं. मागे घर, पुढे पत्र्याखाली काम. आबांनी मला लांबूनच ओळखलं. वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारून ते उठले आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

“तुमच्या वहिनींना सांगतो चहा टाकायला,” ते म्हणाले, आणि मग स्वतःच हसले. “दखा, तुम्ही मन्हा दारमा उनात आन मी तुम्हनासारखं बोलाले लागनू.”

त्यांच्या बायको चहा घेऊन आल्या. तब्येत विचारली, मुलीचं विचारलं. मी भांड्याकडे उगाच बघत होतो तर म्हणाल्या, “स्टीलनं शे बरं साहेब. या घरमा जर्मननं भगोनं बी चालत नही. सासरेबुवासनं चांगलं मोठं पातेलं व्हतं, ते बी मोडीमा दिधं.”

आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं म्हणतात. आबा ओशाळले. “तिनं ऐकू नका,” म्हणाले. पण खरं काय ते त्यांनी नंतर सांगितलं. मुलाला ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांचं काम घ्यायचं होतं, शहरात सगळीकडे तेच चाललं होतं, आणि आबांनी ते घेऊ दिलं नव्हतं. “लोखंड बरं साहेब. ते तापाडं तरी रुसत नही.”

बायको आत गेल्या. मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणालो, “आबा, मला तुमच्याशी बोलायचं होतं.”

“माले बी,” ते म्हणाले. “आधी मी सांगस. बरीच वरीस व्हयनात.”

आणि ते बोलले. त्यांच्या गॅसमुळे मला शेठसमोर खाली बघावं लागलं, माझ्या खात्याचं नाव गेलं. मी आधी सांगितलं होतं तरी त्यांनी ऐकलं नव्हतं. शिडीवर कुणी चढलं असतं आणि पडलं असतं तर काय झालं असतं, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. त्यांनी ते जुळवून आणलं नव्हतं, माझ्यासारखं पाठ केलं नव्हतं. मध्येच थांबत, तंबाखूची पुडी या हातातून त्या हातात घेत ते सांगत होते. शेवटी म्हणाले, “तुम्हना मनमा राग तं नही ना साहेब?”

माझ्याकडे सगळी वाक्यं तयार होती. टाकी, टँकर, पकडीचं यंत्र. ती त्या वेळी बोललो असतो तर पुढे काय झालं असतं ते मला माहीत नाही. कदाचित त्यांनी मला दुकानातून घालवलं असतं. कदाचित दुसऱ्याच दिवशी मुलाला खिडक्यांचं काम घ्यायला सांगितलं असतं. मी म्हणालो, “नाही आबा. मी ते तेव्हाच विसरलो.”

त्यांचा चेहरा सैल पडला. मोठं ओझं उतरल्यावर माणूस बसतो तसे ते मागे टेकले. एवढा मोकळा झालेला माणूस मी फार कमी वेळा पाहिला आहे, आणि तो माझ्या खोटेपणाने मोकळा झाला होता.

“आन तुम्हनं काय व्हतं?”

“काही नाही. मुलीने आठवण काढली होती तुमची.”

त्यांनी मला स्टँडपर्यंत सोडलं. गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले.

पुन्हा जायचं मी ठरवत राहिलो. कधी गुडघे, कधी ऊन, कधी घरातलं काही. अखेर त्यांच्या मुलाचाच फोन आला, आबा गेले म्हणून.

आमच्याकडे कुणाच्या घरी असं झालं की दारावर जातात. पुरुषमंडळी बाहेर सतरंजीवर बसतात, फारसं बोलत नाहीत, थोडा वेळ बसून हात जोडून उठतात. मीही गेलो. मुलाने मला ओळखलं आणि शेजारी बसलेल्या नातेवाइकांना माझी ओळख करून दिली. “आबा ज्यांच्याबद्दल सांगायचे ना, ते साहेब.”

एका म्हाताऱ्या नातेवाइकाने विचारलं, “कोनते साहेब?”

“जळगावच्या कारखान्यातले. आबांनी घाईत गॅस लावला आणि सगळा माल वाया गेला. तरी साहेबांनी मनात धरलं नाही. घरी येऊन सांगून गेले.”

म्हाताऱ्याने मान हलवली. आणखी दोघांनी हलवली. आबांच्या दारात, आबांच्या माणसांनी आबांची चूक मान्य केली. मी सतरंजीवर त्यांच्यात बसलो होतो. तोंड उघडायचं होतं ते तिथेच. पण दारावर कुणी मोठ्याने बोलत नाही, हा आडोसा मला पुन्हा मिळाला. मी हात जोडले आणि उठलो.

म्हणून आता हे कागदावर. आबांच्या मुलाला मी याची एक प्रत पाठवणार आहे. खिडक्यांचं काम करायचं की नाही ते त्याचं त्याने ठरवावं, पण वडिलांचा हात चुकला होता असं समजून ठरवू नये. धुळ्याच्या त्या दुकानात, खुर्ची पुढे ओढून मी जे बोलणार होतो ते एवढंच होतं:

आबा, तुमच्या गॅसने काही बिघडलं नाही. टाकीचं पाणी गरम होतं. ते मला दिसत होतं, तरी मी माल सोडला, कारण त्या दिवशीचं गार पाणी मी माझ्या घरी पाठवलं होतं. नंतर सरळ पाइपावर यंत्र लावून पाहिलं तेव्हा तर खात्रीच झाली, आणि तरीही शेठसमोर मी तुमच्याकडे बोट दाखवलं. तुम्ही माझी माफी मागायला नको होती. मी तुमची मागायला आलो होतो. आबा, मला माफ करा.